‘घाटी’ ही शिवी आहे का, आणि ती आली कुठून?

प्रश्न असा आहे: गोव्यात बेळगाव-कोल्हापूरकडच्या माणसाला ‘घाटी’ म्हणून हिणवतात, कोकणीत नाकात बोलून ‘घांटी’. या शब्दाचा मूळ अर्थ काय? तो बैलांच्या गळ्यातल्या घंटेवरून आला असं सांगतात, ते खरं का? आणि कुणी घाटी म्हटलं तर अपमान धरायचा का?

आधी थोडक्यात सांगतो. घाटी म्हणजे घाटावरचा, सह्याद्रीच्या माथ्यापलीकडच्या मुलखातला. घंटेशी त्याचा काही संबंध नाही. जन्मतः या शब्दात तुच्छता नव्हती, ती मागाहून चिकटली. पण आज माणसाला उद्देशून तो नाम म्हणून वापरला तर अपमानच होतो, आणि ‘मूळ अर्थ तसा नाहीच मुळी’ ही सबब तिथे चालत नाही. शब्दाचा उगम ही एक गोष्ट, त्याचा आजचा मार ही दुसरी. या दोन्हींची गल्लत करूनच बहुतेक वाद होतात.

सुरुवात ‘घाट’पासून करावी लागते. संस्कृतात ‘घट्ट’ म्हणजे नदीकाठची उतरायची जागा, धक्का. अशा जागी माल चढतो-उतरतो, म्हणून तिथे जकातीचं नाकं असे. त्या नाक्याच्या झोपडीला ‘घट्टकुटी’ म्हणत. शास्त्रग्रंथांत ‘घट्टकुटीप्रभातन्याय’ नावाचा एक न्याय, म्हणजे दाखल्याची गोष्ट, येतो. जकात चुकवायला एक व्यापारी रात्री आडवाटेने निघतो, अंधारात भटकत राहतो, आणि उजाडतं तेव्हा नेमका त्या नाक्याच्या दारात उभा असतो. गोव्याच्या सीमेवरच्या मोले किंवा केरीच्या नाक्यावर रात्री रांगेत थांबलेल्या ट्रकवाल्याला हा न्याय वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

म्हणजे घाट ही मुळात उतरायची, ओलांडायची जागा. नदीला ती पायऱ्यांची असते, डोंगराला वळणांची. चोर्ला घाट, अनमोड घाट, रामघाट, दिगी घाट ही डोंगरांची नावं नव्हेत, वाटांची आहेत. डोंगराचं नाव सह्याद्री. पण खाली राहणाऱ्याला डोंगराशी काम पडतं ते वाटेपुरतं, त्यामुळे बोलण्यात वाटेचं नाव आख्ख्या रांगेला लागलं. सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज लेखकांनी किनाऱ्यावरच्या लोकांकडून ते ऐकून ‘गाते’ असं लिहून घेतलं, पुढे इंग्रजांनी ‘वेस्टर्न घाट्स’ केलं आणि ते भूगोलाच्या पुस्तकात कायमचं बसलं. फारसी वळणाच्या जुन्या कारभारात घाटावरच्या मुलखाला ‘बालाघाट’ आणि खालच्याला ‘पाईनघाट’ म्हणत. बाला म्हणजे वर, पाईन म्हणजे खाली. तिथे कुणी कुणाला हिणवत नव्हतं, महसूल मोजत होतं.

आता घंटेचं. व्युत्पत्ती कानाने लावायची नसते, ध्वनीच्या नियमाने लावायची असते. संस्कृतातलं जोडाक्षर प्राकृतात द्वित्त होतं, म्हणजे एकच व्यंजन दुहेरी होतं, आणि मराठीत येताना एकच व्यंजन उरून आधीचा स्वर लांबतो. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. कर्म, कम्म, काम. हट्ट म्हणजे बाजार, त्याचा हाट. पट्टचा पाट. त्याच रांगेत घट्टचा घाट सरळ बसतो. उलट दोन स्वरांमध्ये एकटा ‘ट’ असेल तर तो मराठीत ‘ड’ होतो: कीट, कीड, घोटक, घोडा, घट, घडा. म्हणून ‘घाटी म्हणजे डोक्यावर घट वाहणारा’ ही अधूनमधून ऐकू येणारी युक्ती पहिल्याच पायरीवर पडते. ती खरी असती तर शब्दात ‘ड’ दिसला असता.

घंटेची युक्ती जरा जास्त फसवी आहे, कारण कोकणीत घंटेला ‘घांट’ म्हणतात, आणि घाटी माणसाला ‘घांटी’. कानाला जोडी जुळते. पण घंटेची घांट स्त्रीलिंगी आहे, संस्कृत ‘घण्टा’सारखीच, आणि तिच्यातला अनुस्वार मूळच्या ‘ण’चा आहे. डोंगराचा घाट पुल्लिंगी आहे आणि त्याच्या मुळात अनुनासिक नाही. मग घांटीत ते आलं कुठून? आपल्या भाषांत विनाकारण नाकात जाणाऱ्या शब्दांची रांगच आहे: उष्ट्रचा उंट, पक्षचा पंख, हिंदीत अश्रूचा आँसू आणि सर्पचा साँप. मुळात नसलेलं अनुनासिक उच्चारात आपोआप शिरतं. तेव्हा घांटीतल्या अनुस्वारावरून घंटा सिद्ध होत नाही. शिवाय ‘घंटेवाला’ अशा अर्थाचा शब्द बैलवाल्यापुरता राहिला असता. बैल नसलेल्या, एसटीतून उतरलेल्या माणसाला तो लागला नसता.

आणखी दोन फसव्या वाटा बंद करून टाकू. हिंदीत ‘घाटी’ म्हणजे दरी, खोरं. हल्ली मराठी बातम्यांत ‘काश्मीर घाटी’ दिसतं ते हिंदीचं जसंच्या तसं उचललेलं. मराठीत काश्मीरचं खोरं. मराठीतल्या घाटी माणसाचा दरीशी संबंध जोडला की सगळंच उलटं होतं, कारण तो दरीतला नसून पठारावरचा. दुसरी वाट ‘भांड्याचा घाट’, म्हणजे आकार. तो ‘घडणे’च्या कुळातला, वेगळा शब्द. ‘घाट नसलेला तो घाटी’ हा विनोद म्हणून ठीक.

तुम्हाला स्वतः पडताळायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी शब्द ज्या सगळ्यात जुन्या कोशात मिळेल तो पाहा: मराठीसाठी मोल्सवर्थची 1857 ची दुसरी आवृत्ती, कोकणीसाठी आसगावच्या मोन्सिन्योर दालगादोंचा 1893 चा कोकणी-पोर्तुगीज कोश. नोंदीत अर्थ मुलखाचा दिलाय की तुच्छतेची खूण केलीय, ते बघा. मग शेजारभाषांत तोच शब्द कुठल्या अर्थाने आहे ते बघा. शेवटी ध्वनी जुळतात का ते तपासा. लोक नेमकं उलटं करतात: आधी गोष्ट सुचते, मग ती जुळवायला ध्वनी वाकवतात.

आता ‘घाट’चा ‘घाटी’ कसा झाला. मुलखाच्या नावाला ‘ई’ लावायची: कोकणी, वऱ्हाडी, बंगाली, घाटी. इतका साधा प्रत्यय. पण गोव्यात इथेच एक बारीक गोष्ट घडते, आणि माझ्या मते शब्दाचा सगळा डंख तिच्यात आहे. आपल्या माणसाला गोवा ‘-कार’ लावतो: गोंयकार, मडगांवकार, पेडणेंकार. मराठीत त्याचाच ‘-कर’, अर्ध्या आडनावांत बसलेला. या प्रत्ययाला पुढे गाव लागतं. गाव नसेल तर तो लागूच शकत नाही. दोन अनोळखी गोंयकार भेटले की पहिला प्रश्न गावाचा, दुसरा वाड्याचा, तिसऱ्याला दोघांचं कुणीतरी सामायिक निघतं. घाटीला हा प्रश्न विचारला जात नाही. चंदगड, गडहिंग्लज, खानापूर, गदग, विजयपूर, सगळे एकाच शब्दात गुंडाळले जातात. ‘भायलो’ शब्दाचंही तेच: भायर म्हणजे बाहेर, कुठलं बाहेर ते सांगायची गरज वाटत नाही. हिणवण्याची सुरुवात वाईट विशेषणाने होत नाही, गाव न विचारण्याने होते.

‘हिणवणे’ हाच शब्द जरा बघा. हीन म्हणजे उणं. सोन्यातल्या भेसळीला हीण म्हणतात, आणि कसोटीच्या दगडावर कमी उतरलेलं सोनं ते हिणकस. हिणवणं म्हणजे समोरच्याला आपल्या कसोटीवर घासून उणा ठरवणं. दगड अर्थातच घासणाऱ्याच्या हातात.

घाटी हा शब्द फक्त खालून दिसतो. घाटमाथ्यावरचा माणूस स्वतःला सहसा घाटी म्हणत नाही, तो ‘देशावरचा’. आणि देश या शब्दात चांगला ताठा आहे. सावंतवाडी-मालवणातही ‘घाटी’ चालतो तो याच कारणाने: तिथूनही वर बघायचं असतं. दिशादर्शक शब्दांची ही जातच अशी. बोलणारा कुठे उभा आहे त्यावर अर्थ ठरतो.

दिशेचा शब्द टोमणा कधी झाला, याला एक तारीख देता येत नाही. टप्पे मात्र ओळखता येतात. जुन्या काळी घाट उतरून येत ते बैलांचे तांडे. किनाऱ्यावरून मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी वर जाई. वरून धान्य, गूळ, तंबाखू खाली येई. ‘लमाण’ या नावाची व्युत्पत्ती ‘लवण’, म्हणजे मिठाशी जोडतात ती याच व्यापारामुळे. तांडेवाला परका असेल, पण त्याची वाट पाहिली जाई. तो आला नाही तर घरात धान्य नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यातल्या कुळ्याहून घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकला चढणारी आगगाडी झाली. 37 फुटांना एक फूट असा तो चढ. माल गाडीने जाऊ लागला आणि घाट उतरणारा माणूस हळूहळू व्यापारी राहिला नाही, मजूर झाला. पुढे खाणी, 1961 नंतरची बांधकामं, रस्ते. शब्द मुलखावरून कामावर घसरला: घाटी म्हणजे खोरं-घमेलं घेणारा. कामावरून पुढे रीतीवर: घाटी म्हणजे मोठ्याने बोलणारा, भडक कपडे घालणारा, शीत-कडी, म्हणजे भात-कालवण, सोडून भाकरी खाणारा. आता तो मुलखाचा राहिलाच नाही. डिचोलीत जन्मलेल्या मुलालाही शर्टाच्या रंगावरून ‘कितें घांटी कसो दिसता’ म्हणता येतं. भाषाशास्त्रात याला अर्थापकर्ष म्हणतात. अशोकाच्या शिलालेखांत ‘पाषंड’ म्हणजे कुठलाही धर्मपंथ, आणि सगळ्या पाषंडांचा मान राखा असं तो सांगतो. आपल्या ‘पाखंडी’त त्या मानाचा कण उरलेला नाही.

गोव्यात याला आणखी एक धार आहे, राजकारणाची. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायच्या बाजूने 1,38,170 मतं पडली आणि संघप्रदेश, म्हणजे केंद्रशासित, राहायच्या बाजूने 1,72,191. चौतीस हजारांचा फरक. इतक्या अटीतटीच्या झगड्यात घाटापलीकडचा मुलूख नुसता मुलूख राहणं शक्य नव्हतं. त्यानंतर, आणि कोकणीला राजभाषा करणाऱ्या 1987 च्या कायद्याच्या आगेमागे, मराठीची बाजू घेणाऱ्या अस्सल गोंयकारालाही ‘घाटयांचो’ म्हणून टोचता येऊ लागलं. ज्याच्या सात पिढ्यांनी अनमोड ओलांडला नाही, जो देवळात मराठी आरती म्हणतो आणि घरी कोकणी बोलतो, त्याला. आणि गंमत म्हणजे हाच माणूस संध्याकाळी दुकानात बसून कोल्हापूरच्या गाडीकडे बघत ‘घाटी आयले’ म्हणतो. शब्द दोन्ही भाषांचा सारखाच आहे, कुणी सोवळं राहू नये.

मुंबईची घाटी थोडी वेगळी, ते समजून घ्यायला हवं, नाहीतर गोंधळ होतो. तिथे गिरण्या आणि गोदीच्या कामाला सातारा-पुण्याकडून माणूस आला, आणि आधीच्या किनारी रहिवाशांनी त्याला घाटी म्हटलं. पुढे शब्द पसरून ‘कुठलाही मराठी माणूस’, मग ‘इंग्रजी न येणारा, गावंढळ’ इथवर गेला. गोव्यात तो असा सरसकट मराठी माणसावर पसरला नाही, पण भाषेची सीमा त्याने ओलांडली: गदगचा कानडी गवंडीही इथे घाटीच. म्हणजे पणजीत जो मराठी माणूस घाटी नाही, तो मुंबईच्या एखाद्या कॉलेजात घाटी ठरतो, आणि मुंबईत कुणी कानडी माणसाला घाटी म्हणणार नाही. ऐकताना आधी विचारा: कुठल्या गावचा घाटी?

मुंबईत गोंयकारही सुटला नव्हता. धोबीतलावच्या कुडींत, म्हणजे गावागावांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहणाऱ्या गोव्याच्या किरिस्तांवांना (ख्रिश्चनांना) तिथे ‘माकापाव’ म्हणून चिडवत. ‘माका पाव दी’ या वाक्याची ती टिंगल. वर पोर्तुगीजांकडून आलेला पाव, खाली कोकणीतला ‘माका’, एवढ्यात आख्खा समाज उरकला. खुद्द गोव्यात किरिस्तांव बोलीत हिंदूला ‘कोंकणो’ म्हणतात, तोही मुळात मुलखाचाच शब्द. आणि ‘फिरंगी’ तर सगळ्यांना ठाऊक: फ्रँक लोकांचं नाव अरबी-फारसीतून आपल्याकडे आलं, गोऱ्या माणसाला लागलं, तलवारीला लागलं, आणि भावप्रकाश या वैद्यकग्रंथात ‘फिरंग’ नावाचा रोग म्हणूनही बसलं.

आता व्यवहाराचं. एखाद्या वाक्यात ‘घाटी’ अपमान आहे की नाही, हे कसं ओळखायचं? आधी तो विशेषण आहे की नाम, ते बघा. ‘घाटी मसाला’ म्हटलं की वस्तूचा मुलूख सांगितला, बात संपली. ‘घाटी आला’ म्हटलं की माणसाचं नाव पुसून मुलूख उरला. मग शब्दाला ‘पणा’ लावून पाहा. ‘घाटीपणा’ हा शब्द कधीच निर्दोष नसतो, कारण त्यात राहण्याच्या जागेचा स्वभाव झालेला असतो. ज्याच्या वाक्यात ‘घाटी’च्या जागी ‘घाटीपणा’ सहज बसतो, त्याच्या मनात तुच्छता आहे असं समजायला हरकत नाही. पुढे-मागे काय लागलंय तेही बघावं. ‘मेलो’, ‘तो कसलो’, ‘घांटी तो घांटीच’ असली शेपटं निवाडा करून टाकतात. शेवटी बोलणारा कोण. निपाणीचा माणूस हसत ‘आम्ही घाटी माणसं, आम्हाला तुमचं हुमण (माशाचं कालवण) पचायचं नाही’ म्हणतो तेव्हा शब्द त्याच्या ताब्यात असतो. म्हणून तो त्याला परत म्हणायची परवानगी मिळाली असं नव्हे. ही चूक मित्रमंडळींत फार होते.

आवाजाने ओळखता येत नाही, हे मुद्दाम सांगतो. प्रेमाने, हसत म्हटलेला ‘घाटी’ तितकाच लागू शकतो. समोरचा भाडेकरू किंवा हाताखालचा असेल तर तो हसेलही. त्याच्या हसण्याचा पुरावा धरू नये.

बदली शब्द शोधायला लांब जावं लागत नाही. मराठीत ‘घाटावरचा’, ‘घाटमाथ्यावरचा’, कोकणीत ‘घाटावयलो’. बाजारात ‘घाटावयली भाजी’ रोज म्हणतात आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तर ‘गावठी’ हा शब्द भाव चढवतो: गावठी मिरची, गावठी अंडी, गावठी केळी; तोच शब्द शहरात माणसाला लावला की शिवी. घाटी आणि गावठी, दोन्ही जिन्नसाला चालतात, माणसाला टोचतात. पण सगळ्यात चांगलं म्हणजे गावच सांगावं. ‘घरमालकाने एका घाट्याला खोली दिली’ यापेक्षा ‘चंदगडच्या एका गवंड्याला खोली दिली’ यात माहितीही जास्त आहे. गाव माहीत नसेल तर विचारावं. गोव्यात तो प्रश्न कुणाला उर्मट वाटत नाही.

लिहिणाऱ्यांनी, भाषांतर करणाऱ्यांनी एक सांभाळावं. नाटकात पात्राच्या तोंडी ‘घाटी’ असेल तर तो राहू द्या, पात्राचा स्वभाव त्यानेच कळतो. निवेदनात मात्र नको, कारण निवेदन लेखकाच्या तोंडचं असतं. कोकणीतून मराठीत आणताना ‘घांटी’ला ‘परप्रांतीय’ करू नये. तो कचेरीतला शब्द आहे, त्याने टोमण्याची चव जाते आणि घाट नाहीसा होतो. हिंदीत नेताना ‘घाटी’ तसाच ठेवला तर वाचक दरी समजेल. तिथे एका वाक्यात उलगडावंच लागतं.

आणि शब्द अपमानाचा म्हणून मजकुरातून सरसकट शोधून खोडायला जाऊ नका. छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय सगळा मराठवाडा ‘घाटी’ म्हणूनच ओळखतो. ‘पेशंटला घाटीत नेलं’ या वाक्यात कुणी दुरुस्ती केली तर नातेवाईक भलत्याच दवाखान्याच्या दारात उभे राहतील.